सेनापतींच्या आठवणी आणि त्यांची थडगी

स्वभाषेतील पुस्तक सहजासहजी हाती लागत नाही अशा गावी नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसास जे मिळेल ते वाचण्याची सवय लागते. रविवारच्या जुन्या बाजारात पदपथावर मांडलेल्या ढिगातून आम्हांस प्रथम मान्श्टाइनचे 'हरवलेले विजय' मिळाले. त्यामागून गुडेरियनच्या आठवणी आणि मग केसेलरिंगच्या. तिघेही दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सेनानी, आणि तिघांचीही पुस्तके युद्ध संपल्यावर दहा वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेली. युद्धकथांची आम्हांस विशेष आवड आहे असे नव्हे. परंतु ही पुस्तके वाचताना पहिल्या शंभर पानांतच काही ओळखीचे वाटू लागले. सरकारी कचेरीत बारा-तेरा वर्षे टिप्पण्या लिहिण्यात घालविल्यामुळे जबाबदारी कागदावर कशी घ्यावी आणि कशी टाळावी, याचे थोडेफार ज्ञान आम्हांस झाले आहे. या नामांकित सेनानींचे गद्य पुष्कळ ठिकाणी आमच्याच टेबलावरील गद्यासारखे निघाले. या लेखाचे निमित्त एवढेच.

प्रथम गुणांविषयी. मान्श्टाइनचे पुस्तक १९५५ साली निघाले, आणि युद्धकलेवरील ग्रंथ म्हणून त्याची योग्यता कोणीही अमान्य करणार नाही. १९४० साली फ्रान्सवरील चढाई बेल्जियमच्या मैदानातून न करता आर्देनच्या अरण्यातून करावी, ही योजना त्याची. ती वरिष्ठांनी प्रथम कशी दडपली, आणि अखेर हिटलरच्या कानी कशी गेली, हा भाग एखाद्या उत्तम नाटकाच्या अंकासारखा वाचनीय आहे. १९४२ सालचा सेवास्तोपोलचा वेढा आणि १९४३ च्या मार्चमधील खार्कोव्हचा प्रतिहल्ला यांचे वर्णन करताना तो नकाशावरील प्रत्येक नदी, प्रत्येक रेल्वेमार्ग वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करतो. भाषा संयत, आत्मस्तुती आहे, पण ती मोजून-मापून. आपल्या थोरल्या मुलाचे रणांगणावरील मरण सांगताना त्याने जो संयम पाळला आहे, तो कोणाही सहृदय वाचकास स्पर्श करील.

आता उणिवेविषयी. प्रस्तावनेतच लेखक सांगून टाकतो की आपण सैनिक म्हणून लिहिणार, राजकारणात शिरणार नाही. अट मोठी सभ्य दिसते. तिचा उपयोग कसा झाला हे मात्र पाहिले पाहिजे. १९४१ च्या हिवाळ्यात मान्श्टाइन क्रिमियात अकराव्या सेनेचा अधिपती होता. त्या वर्षी २० नोव्हेंबर रोजी त्याच्या सहीने एक हुकूम निघाला. ज्यू व बोल्शेव्हिक यांची व्यवस्था कायमची नष्ट केली पाहिजे, आणि ज्यूंना जी कठोर शिक्षा होत आहे तिची आवश्यकता सैनिकाने ओळखली पाहिजे, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात सिंफेरोपोल येथे दहा हजारांहून अधिक ज्यू मारले गेले. ते काम खास मारेकरी पथकाचे असले, तरी मुलूख अकराव्या सेनेच्या ताब्यातला होता. १९४६ साली न्यूरेंबर्ग येथे तो हुकूम त्याच्यापुढे ठेवण्यात आला, तेव्हा सही आपली आहे हे त्याने मान्य केले. हुकूम मात्र आपणांस मुळीच आठवत नाही असे सांगितले. खार्कोव्हच्या लढाईत कोणती तुकडी कोणत्या दिवशी कोणत्या पुलावर होती, हे ज्यास मुखोद्गत, त्या स्मरणशक्तीतून हा एवढा कागद निसटला. सिंफेरोपोलच्या हत्याकांडास तर 'हरवलेले विजय'मध्ये जागाच नाही. आमच्या मते या ग्रंथाचा खरा दोष येथे आहे. लेखकाने खोटे लिहिले असे म्हणण्यापेक्षा, कशाची आठवण ठेवावी याची त्याने जी निवड केली ती तपासणे हे टीकाकाराचे काम आहे.

गुडेरियनचे पुस्तक मनुष्य म्हणून अधिक मोकळे, आणि म्हणूनच अधिक सापडणारे. रणगाड्यांच्या स्वतंत्र दलाची कल्पना त्याने किती हट्टाने पुढे रेटली, १९४१ च्या डिसेंबरात मॉस्कोपुढे माघार घेतल्याबद्दल हिटलरने त्यास कसे घरी बसविले, हे सारे तो आवेशाने सांगतो. हिटलरशी आपण कशी तोंडावर हुज्जत घातली, याची वर्णने तर पुष्कळच आहेत. पण त्याच हिटलरने त्यास व्यापलेल्या पोलंडमध्ये एक मोठी जहागीर बहाल केली होती, आणि ती जमीन हुसकावून लावलेल्या पोलिश मालकांची होती. जुलै १९४४ मधील कटानंतर सैन्यातील कटवाल्यांना सैन्यातून काढून फाशीचा मार्ग मोकळा करून देणारे जे 'प्रतिष्ठेचे न्यायमंडळ' नेमले गेले, त्यात तो बसला होता. आपण नाइलाजाने बसलो, असे तो म्हणतो. हुज्जत घालणारा सेनानी, नाइलाजाने बसणारा न्यायाधीश आणि जहागिरीचा धनी ही तिन्ही माणसे एकच आहेत, याचा ताळा पुस्तकात कोठेही घातलेला नाही.

या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीविषयी एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रणगाडायुद्धाच्या कल्पनेबद्दल लिडेल हार्ट या इंग्रज युद्धशास्त्रज्ञाचे ऋण मानणारा एक परिच्छेद तीत आहे. मूळ जर्मन पुस्तकात तो नाही. तो घालावा अशी सूचना खुद्द लिडेल हार्टनेच पत्राने केली होती, हे पुढे उघडकीस आले. इंग्रजी आवृत्तीची प्रस्तावना त्याचीच, आणि मान्श्टाइनच्या इंग्रजी पुस्तकाचीही. तात्पर्य, हरलेल्या सेनानीस जिंकलेल्या पक्षाकडून शिफारसपत्र हवे होते, आणि शिफारस करणारासही आपल्या शिष्यत्वाची पावती हवी होती. फ्रान्ट्स हाल्डर हा हिटलरचा एके काळचा सेनाप्रमुख युद्धानंतर कित्येक वर्षे अमेरिकन सैन्याच्या इतिहासविभागासाठी जुन्या सहकाऱ्यांकडून युद्धवृत्तांत लिहवून घेत होता. १९५५ साली पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य उभे राहिले. त्यास अनुभवी माणसे हवी होती आणि स्वच्छ भूतकाळही हवा होता. या साऱ्या निकडीतून एक ठरीव रचना तयार झाली. विजय झाला तो आमच्या योजनेने. पराभव झाला तो हिटलरच्या हस्तक्षेपाने. अत्याचार झाले ते दुसऱ्या खात्याकडून. कर्तरी प्रयोग विजयापुरता, पुढे सगळा कर्मणी.

आठवणी अशा, तर मग खरे बोलणे कोठे सापडावे? लंडनच्या उत्तरेस ट्रेंट पार्क नावाचा एक वाडा आहे. युद्धकाळात इंग्रजांनी कैद केलेले जर्मन सेनानी तेथे ऐषआरामात ठेवले होते, आणि भिंतींत गुप्त ध्वनिग्राहक बसविले होते. त्या संभाषणांची टिपणे पुढे संशोधकांस खुली झाली, आणि २००५ साली त्यांचा मोठा संग्रह जर्मन भाषेत पुस्तकरूपाने निघाला. डिट्रिख फॉन कोल्टिट्स हा पॅरिसचा शेवटचा जर्मन सेनाधिकारी. हिटलरचा हुकूम मोडून आपण ते शहर वाचविले, असे त्याने आपल्या आठवणींत सांगितले आणि जगाने ते बरेचसे मानले. ट्रेंट पार्कमध्ये ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस तोच कोल्टिट्स सोबत्याशी बोलताना म्हणतो की, आपण पार पाडलेले सर्वांत कठीण काम ज्यूंच्या निर्मूलनाचे, आणि तो हुकूम आपण शेवटपर्यंत अमलात आणला. आठवणी लिहिताना समोर वाचक होता. येथे समोर फक्त आपल्यासारखाच एक कैदी होता. 'हरवलेले विजय' वाचणाऱ्याने हा संग्रह शेजारी ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

आठवणी लिहिणारा माणूस आपले नाव मागे कसे राहावे हे ठरवू पाहत असतो. त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर त्याच्या थडग्यावर मिळते, आणि ते त्याच्या हातचे नसते. म्हणून पुस्तके संपल्यावर आम्ही या सेनानींच्या दफनस्थळांकडे वळलो. आमच्यासारख्या कारकुनास जर्मनीची वारी घडणे नाही. पण छायाचित्रे आणि छापील वृत्तांत यांवरून पुष्कळ कळते.

सर्वांत प्रसिद्ध थडगे रोमेलचे, उल्मजवळच्या हेरलिंगेन गावी. त्याने आठवणी लिहून पूर्ण केल्या नाहीत. १४ ऑक्टोबर १९४४ रोजी बर्लिनहून दोन सेनाधिकारी त्याच्या घरी आले आणि त्यांनी विष किंवा खटला यांत निवड करावयास सांगितली. कुटुंबास धक्का लागू नये म्हणून त्याने विष घेतले. जखमांमुळे मृत्यू झाला असे जाहीर करून उल्म येथे सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. वयोवृद्ध फील्ड मार्शल रुन्डश्टेटने श्रद्धांजलीचे भाषण वाचले, आणि त्यात रोमेलचे हृदय हिटलरचे होते असेही वाचले. सरकारी गद्याचा इतका भयंकर नमुना आमच्या वाचनात दुसरा नाही. रोमेलची पत्रे व टिपणे १९५३ साली लिडेल हार्टनेच संपादित करून प्रसिद्ध केली. त्याचे गाजलेले चरित्र १९५० साली लिहिले डेस्मंड यंग या इंग्रजाने, जो हिंदुस्थानात वृत्तपत्राचा संपादक होता, हिंदी सैन्यातील अधिकारी म्हणून आफ्रिकेत लढला आणि १९४२ साली रोमेलच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यास प्रस्तावना ऑकिन्लेकची, म्हणजे आपल्याकडे सरसेनापती असलेल्या गृहस्थाची. शत्रूकडून असे चरित्र लाभलेला सेनानी विरळा. रोमेलच्या जन्मगावी, हायडेनहाइम येथे, १९६१ साली स्मारक उभारले गेले. २०२० साली त्याच्यापुढे सुरुंगाने पंगू झालेल्या माणसाची आकृती उभी करण्यात आली. आफ्रिकेच्या वाळूत पेरलेले सुरुंग युद्ध संपल्यावरही माणसे मारीत राहिले, ही गोष्ट त्या मूळ स्मारकातून सुटली होती. चरित्राची सुधारलेली आवृत्ती निघावी तसाच हा प्रकार.

बाकीची थडगी थोडक्यात सांगतो. रुन्डश्टेट १९५३ साली हानोव्हर येथे वारला आणि तेथील श्टोकेन दफनभूमीत आहे. गुडेरियन १९५४ साली वारला. त्याचे थडगे गोस्लारला. मान्श्टाइनला १९४९ साली हांबुर्ग येथे इंग्रज लष्करी न्यायालयाने अठरा वर्षांची शिक्षा दिली. ती पुढे बारा झाली, आणि १९५३ साली तो सुटलाही. १९७३ साली वारल्यावर डोर्फमार्क या खेड्यात लष्करी मानवंदना देऊन त्यास पुरले. मॉडेलने एप्रिल १९४५ मध्ये शरणागती न पत्करता अरण्यात स्वतःवर गोळी झाडली. दहा वर्षांनी त्याच्या मुलाने त्याचे अवशेष व्होसेनाकच्या सैनिकी दफनभूमीत हलविले. तेथे तो साध्या शिपायांच्या रांगेत आहे. पाउलुसने स्टालिनग्राड येथे शरणागती दिली, तेव्हा सुमारे ९१ हजार सैनिक कैदेत गेले; त्यांपैकी सुमारे सहा हजारच परतले. त्याची पत्नी १९४९ साली बाडेन-बाडेनला वारली. नवऱ्याची भेट तिला पुन्हा घडली नाही. तो १९५७ साली पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला वारला आणि त्याची रक्षा तिच्याशेजारी नेऊन ठेवली गेली. आठवणींच्या साऱ्या पुस्तकांत न आढळणारे काहीतरी त्या दोन नावांच्या शेजारात आहे, असे आम्हांस वाटते.

आता ज्यांस थडगेच नाही असे सेनानी. काइटेल आणि योडल यांना १६ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यूरेंबर्ग येथे फाशी दिले, म्युनिकमध्ये दहन केले आणि राख ईसार नदीस मिळणाऱ्या एका ओढ्यात सोडली. स्थान राहिले तर तेथे यात्रा भरेल, ही भीती. त्याआधी दोन वर्षे, २० जुलै १९४४ च्या रात्री, हिटलरविरुद्धच्या कटातील लुडविग बेक व श्टाउफेनबर्ग यांस सोबत्यांसह बर्लिनच्या एका दफनभूमीत घाईने पुरले होते. दुसऱ्या दिवशी प्रेते उकरून जाळण्यात आली आणि राख उधळून दिली गेली. ट्रेस्को याचे प्रेत तर त्याच्या घरच्या जमिनीतून उकरून नेऊन जाळले. तेथेही भीती तीच. म्हणजे थडगे असणे वा नसणे यावरून कोणाचाच न्याय होत नाही. हुकूम पाळणारा आणि मोडणारा, दोघांचीही राख सारखीच उडाली. पुढे बर्लिनमध्ये कटवाल्यांच्या नावे शिळा बसली. योडलचे नावही कीम सरोवरातील एका बेटावर कुटुंबीयांच्या थडग्यांमध्ये, हुद्द्यासह, क्रॉसवर कोरले गेले. खाली मात्र कोणी नाही. एकविसाव्या शतकात एका कलावंताने त्यास तांबडा रंग फासला आणि प्रकरण न्यायालयात गेले. खाली देह नसलेल्या दगडावरूनही माणसे भांडतात, कारण भांडण देहाचे नसून त्या हुद्द्याच्या अक्षरांचे असते.

केसेलरिंगचे उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. इटलीत तो जर्मन सैन्याचा अधिपती होता. २४ मार्च १९४४ रोजी रोमजवळच्या आर्देआतीन गुहांत ३३५ माणसे गोळ्या घालून मारली गेली. १९४७ साली व्हेनिस येथे इंग्रज न्यायालयाने त्यास देहान्ताची शिक्षा दिली. ती जन्मठेपेवर आली, आणि १९५२ साली प्रकृतीच्या कारणावरून तो सुटला. सुटल्यावर, इटालियन लोकांनी आपले स्मारक उभारावयास हवे, अशा अर्थाचे त्याचे उद्गार गाजले. त्यास उत्तर म्हणून पिएरो कालामांद्रेई या कायदेपंडिताने एक छोटा लेख रचला, आणि त्याच वर्षी तो कुनेओ गावी दगडात कोरून लावण्यात आला. मागितलेले स्मारक त्यात नाकारलेले नाही. त्याचा दगड निवडण्याचा हक्क मात्र इटलीच्या लोकांनी स्वतःकडे ठेवला आहे. पुढच्या वर्षी निघालेल्या केसेलरिंगच्या आठवणींवर शेकडो परीक्षणे झाली असतील, परंतु सर्वांत समर्थ परीक्षण पुस्तकाच्या आधीच दगडावर लिहून झाले होते.

केसेलरिंग १९६० साली वारला. त्याचे थडगे बव्हेरियात बाड व्हीसे येथे आहे. त्याच्याच सैन्याशी लढताना १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा पलटणीचा नायक यशवंत घाडगे पडला. सोबतचे सारे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा तो एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला आणि मोर्चा घेतल्यावर गोळी लागून कोसळला. वय बावीस, गाव कुलाबा जिल्ह्यातले. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, परंतु त्याचे थडगे नाही. कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर ज्ञात नाही अशा सुमारे चार हजारांत त्याचे नाव आहे. केसेलरिंगच्या पुस्तकात माघारीच्या रेषा, टेकड्या, नद्या आहेत. त्या रेषांवर समोरून कोण चालून आले, हे ज्यास वाचावयाचे असेल त्याने कासिनोची भिंत वाचावी.

मग या सेनानींनी लिहिलेले सर्वांत मोलाचे गद्य कोणते? आमच्या मते ते कोणत्याही आठवणींत नाही. ते एका टिप्पणीत आहे. १६ जुलै १९३८ रोजी, सेनाप्रमुख असताना, बेकने आपल्या वरिष्ठासाठी एक टिपण लिहिले. ज्ञान, सदसद्विवेक आणि जबाबदारी ही जेथे हुकूम बजावण्यास मनाई करतात, तेथे सैनिकाच्या आज्ञापालनाची सीमा संपते, असे त्यात त्याने नोंदविले. आणि सेनानींनी मिळून राजीनामे द्यावेत असे सुचविले. कोणी दिले नाहीत. ऑगस्टमध्ये त्याने एकट्याने दिला. त्याचाही अतिगौरव नको: हिटलरचे सैन्य वाढविण्यात पाच वर्षे त्याचाही हात होता, आणि राजीनामा काही काळ गुप्त ठेवण्याची सूचनाही त्याने मानली, त्यामुळे त्याचा जो परिणाम व्हावयाचा तो झाला नाही. तरीही ते वाक्य फाईलवर राहिले, तारखेसह, कर्तरी प्रयोगात, आणि संकट येण्यापूर्वी. मान्श्टाइनची सहीही फाईलवरच राहिली होती. दोघांच्या स्मरणशक्तीवर आपणांस विसंबावे लागत नाही.

लहान तोंडी मोठा घास घेण्याचा आमचा हेतू नाही. रणांगणावरचा हुकूम कोठे आणि आमच्या टेबलावरचा कागद कोठे! तरीही एक आठवण सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. काही वर्षांपूर्वी एका मृत शिपायाच्या पत्नीचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्याकडे होते. एक दाखला कमी होता. तो आणण्यात तिला काय अडचण आहे आणि नियमात कोणती सवलत आहे, हे दोन्ही आम्हांस ठाऊक होते. वरिष्ठांचा कल पाहून आम्ही 'चर्चेनुसार, त्रुटीपूर्ततेसाठी परत' एवढेच लिहिले. ती बाई आठ महिने खेटे घालीत राहिली. चर्चा कोणाची, कोणाशी, आणि तीत आम्ही काय बोललो, याचा त्या फाईलवर मागमूस नाही.

मान्श्टाइनचे पुस्तक आमच्या फळीवर आहे आणि राहील. लढायांसाठी ते पुन्हा वाचूही. पण परगावी सरकारी टेबलाशी बसणाऱ्या आमच्या बांधवांस एवढीच विनंती की, 'चर्चेनुसार' हा शब्द लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी, आणि आपल्यास जे ठाऊक आहे ते एका ओळीत, आपल्या नावाने, तारीख घालून नोंदवावे. आम्ही तसे करू लागलो आहो. वरिष्ठांस ते नेहमीच आवडते असे नाही.